जेथें ध्रुव दिसत नाहीं

लग्नाचा वाढदिवस साजरा करण्याची चाल आपल्या घरांतून फार जुनी नव्हे. मुंज, लग्न, डोहाळेजेवण, बारसें, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन अशीं निमित्तें हाताशीं असतांना, ज्या दिवशीं आपण बोहल्यावर चढलों तो दिवस दरसाल लक्षांत ठेवावा असें आमच्या वडिलांच्या पिढीस कधीं वाटलें नाहीं. आमच्या स्वतःच्या पहिल्या चोवीस वाढदिवसांची कथाहि याहून फारशी निराळी नाहीं. त्या दिवशीं घरीं श्रीखंड होई, आणि रात्रीं अकरा माणसांचीं पानें उचलून झाल्यावर "आज आपला वाढदिवस होता, नाहीं का?" असें सौ. नें हंसून म्हटलें म्हणजे समारंभ संपे.

२०२४ च्या मे महिन्यांत आमच्या लग्नास पंचवीस वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. आमची कन्या आणि धाकट्या बंधूंचीं दोन मुलें यांनीं परस्पर खलबत करून असा ठराव केला कीं, आम्हां उभयतांस आठ दिवस एखाद्या बेटावर पाठवून द्यावें. बेटच कां, असें विचारतां "तेथून तुम्हांला लगेच परत येतां येणार नाहीं" असें उत्तर मिळालें. ठराव रात्रीच्या जेवणाच्या वेळीं मांडला गेला. आईचें वय तेव्हां ब्याऐशी. तिनें ताकाची वाटी खालीं ठेवली आणि एकच शब्द विचारला, "दोघेंच?"

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस या शब्दाचें वजन सांगावयास नको. आमच्या साताऱ्याच्या घरांत 'दोघेंच' असें कांहीं नसतेंच. नाटकास जावयाचें तर पांच. महाबळेश्वरास जावयाचें तर दोन मोटारी. दवाखान्यांत जावयाचें तरी सोबतीला तिसरें माणूस. लग्नानंतर आम्ही नरसोबाच्या वाडीस गेलों तेंहि आत्याबाईंना बरोबर घेऊन. यांत कोणाचा जुलूम नव्हता, आणि आम्हांस त्याचें वैषम्यहि नव्हतें. वहिवाटच तशी. पंचवीस वर्षांत नवराबायको एकमेकांशीं जें बोललीं त्यांतील पंधरा आणे घराविषयीं होतें, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांतहि आलें नव्हतें.

सौ. नें साफ नकार दिला. आईंचीं औषधें कोण देणार, कैऱ्या उतरल्या आहेत, सांडगे अजून घालावयाचे आहेत, अशीं कारणें एकामागून एक निघालीं. आम्हांसहि खर्चाचा आंकडा डोळ्यांपुढें दिसत होता, म्हणून आम्हींहि आग्रह धरला नाहीं. दोन दिवस विषय निघाला नाहीं. तिसऱ्या दिवशीं दुपारीं आई झोपाळ्यावर वाती वळीत बसली होती. ती आपण होऊन म्हणाली, "आम्ही दोघेंच असे आयुष्यांत एकदां राहिलों. ह्यांना पुण्याला इस्पितळांत ठेवलें होतें तेव्हां. बारा दिवस. तेव्हां ह्यांनीं मला पहिल्यांदा विचारलें, तुला भाजी कोणती आवडते म्हणून." हातांतली वात पुरी करून तिनें पुढें म्हटलें, "जाऊन या तुम्ही. हातींपायीं धड आहां तोंवर."

तिकिटें त्याच संध्याकाळीं काढलीं.

बेट कोणतें हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. अंदमानांत मे महिना सरतां सरतां पावसाळी वारे सुरू होतात. मालदीवांत बहुधा एका बेटावर एकच हॉटेल असतें; तेथें आठ दिवस काढणें म्हणजे पाण्यानें वेढलेल्या खोलींत बसणें, असें आम्हांस वाटलें. मॉरिशसच्या पक्षीं पुष्कळ गोष्टी होत्या. मुंबईहून थेट विमानानें सुमारें सहा तासांचा प्रवास. भारतीय प्रवाशास व्हिसा तेथें उतरल्यावरच मिळतो. आणि घड्याळ आपल्याहून केवळ दीड तास मागें, म्हणजे घरीं फोन करण्याची सोय. (ही सोय पुढें कशी उपयोगीं पडली तें येईलच.) शिवाय बेट दक्षिण गोलार्धांत असल्यामुळें आपला उन्हाळा तो तेथील हिंवाळा. वादळांचा काळ एप्रिलअखेर बहुतेक संपतो आणि मे महिन्यांत साताऱ्याच्या मार्गशीर्षासारखी सुखद हवा असते. जाणाऱ्यांनीं एक हलकी शाल घ्यावी. दिवस लहान असतो. पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो.

मुख्य बेटाचें क्षेत्रफळ १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याच्या पंचमांशाहूनहि लहान. डचांनीं १५९८ सालीं त्यास आपल्या राजपुत्राचें नांव दिलें, फ्रेंचांनीं १७१५ त तें घेतलें, इंग्रजांनीं १८१० त जिंकलें, आणि १२ मार्च १९६८ रोजीं तें स्वतंत्र झालें. कायदा इंग्रजींत, वृत्तपत्रें फ्रेंचांत आणि बाजारांतील बोलणें क्रिओल भाषेंत, असा तेथें प्रकार आहे. ज्याचें चित्र आपण मुलांच्या पुस्तकांत पाहतों तो डोडो पक्षी याच बेटावरचा. सतराव्या शतकांतच तो नामशेष झाला.

विमानतळ आग्नेयेस आणि आमचें उतरण्याचें ठिकाण उत्तर टोंकाजवळ. त्यामुळें पहिल्याच दिवशीं सारें बेट उभें ओलांडणें झालें. दोहों बाजूंस ऊंस, आणि त्यास पांढुरके तुरे आलेले. मधून मधून विचित्र आकाराचे काळे डोंगर. त्यांतील पीटर बॉथ नांवाच्या शिखरावर तर माणसाचें डोकें ठेवावें तसा एक प्रचंड धोंडा बसलेला आहे. आम्ही भूगोलाचे शिक्षक, तेव्हां गप्प कसे बसणार? आम्हीं सौ. ला सांगितलें कीं, हा दगड आपल्या अजिंक्यताऱ्याच्या दगडाचा भाऊ आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले ते ज्या तप्त स्थानामुळें, तेंच स्थान, वरचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेल्यावर, समुद्रतळ फोडून एकामागून एक बेटें उभीं करीत गेलें, असें बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. मॉरिशस त्यांपैकींच एक, वय सुमारें ऐंशी लाख वर्षें. आणि ती चूल आज शेजारच्या रेयुनियों बेटाखालीं पेटलेली आहे. सौ. नें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "इतकीं वर्षें वर्गांत सांगतां तें आज मला सांगितलेंत."

उसाच्या शेतांत जागजागीं काळ्या धोंड्यांच्या मोठमोठ्या राशी रचलेल्या होत्या. त्या कोणी रचल्या हें विचारावयाचें त्या दिवशीं राहून गेलें.

पहिले दोन दिवस, खरें सांगावयाचें तर, अवघड गेले. समुद्र सुंदर होता यांत शंका नाहीं. बेटाभोंवतीं प्रवाळाचा बांध असल्यानें लाटा दूर फुटतात आणि आंतील पाणी तळ्यासारखें निवळ, हिरवेंनिळें राहतें. कमरेइतक्या पाण्यांत उभें राहिलें तर पायांभोंवतीं मासे फिरतांना दिसतात. परंतु सौ. पहांटे पांचास जागी होऊन बसे, कारण घरीं ती पांचास उठते. उठून चहा कोणाचा करावयाचा? न्याहारी दुसऱ्यांनीं मांडलेली, भांडीं दुसऱ्यांनीं उचललेलीं. दुपारच्या जेवणास काय मागवूं असें विचारलें तर ती म्हणे, "तुम्हांला काय हवें?" आम्ही म्हणावें, "तुला काय हवें?" असें तीनचारदां होऊन वाढपी निघून जाई. वाळूवर शेजारीं शेजारीं बसलों, तर पाण्याच्या मोटारीचा नळ बदलला असेल का, यावर अर्धा तास बोलणें झालें आणि मग बराच वेळ कांहींच नाहीं. आजूबाजूस नवविवाहित जोडपीं हंसतखिदळत होतीं. आम्ही परीक्षेस बसलेल्या मुलांसारखे समोर पाहत होतों.

खाण्याच्या बाबतींत शाकाहारी मंडळींनीं भिऊं नये. रस्त्यावर ढॉल पुरी मिळते: दोन पातळ पोळ्या, आंत पिंवळ्या डाळीचें कोरडें सारण, वर रस्सा आणि चटणी. तिला आम्हीं पुरणपोळीची तिखट चुलत बहीण ठरविलें. 'गातो पिमां' म्हणून मिळतो तो सरळ आपला डाळवडा. तिसऱ्या दिवशीं, एका गाडीपाशीं उभें राहून, सौ. नें आम्हांस न विचारतां आणखी एक पुरी मागून घेतली. ही गोष्ट क्षुल्लक आहे. तरी त्या दिवसापासून आमच्या प्रवासास सुरुवात झाली असें आम्ही समजतों.

पांपलमूस येथील वनस्पति-उद्यान, शामारेलची सात रंगांची माती, तेथील धबधबा, महाशिवरात्रीस हजारों लोक पायीं जातात तो गंगातलाव, हीं सर्व स्थळें कोणत्याहि प्रवासी मार्गदर्शिकेंत सांपडतील. उद्यानांतील तालिपोत जातीचा ताड मात्र सांगण्याजोगा. तो अनेक दशकें नुसता वाढत राहतो, आयुष्यांत एकदांच फुलतो, आणि मग मरतो. सौ. त्याच्यापुढें पुष्कळ वेळ उभी होती. काय विचार करतेस, असें आम्हीं विचारलें नाहीं.

चवथ्या दिवशीं राजधानी पोर्ट लुईस येथें आप्रवासी घाट पाहिला. बंदराच्या कांठीं दगडी इमारतींचे अवशेष आणि पाण्यांतून वर येणाऱ्या कांहीं पायऱ्या, एवढेंच तेथें आहे. २००६ पासून तें जागतिक वारसास्थळ आहे, परंतु गर्दी समुद्रकांठीं असते, येथें नाहीं. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं मॉरिशसमध्यें गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळेवाल्यांस मजूर हवे होते, म्हणून त्यापूर्वींच हिंदुस्थानांतून कराराचे मजूर आणण्यास आरंभ झाला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'अॅटलास' जहाजांतून ३६ जण उतरले. त्यानंतरच्या काळांत सुमारें साडेचार लाख माणसें या बेटावर आलीं, आणि १८४९ त हा घाट झाल्यावर त्यांतील बहुतेक याच पायऱ्या चढलीं. कलकत्ता व मद्रास यांप्रमाणें मुंबईहूनहि जहाजें सुटत, आणि त्यांत कोंकणांतील पुष्कळ माणसें होतीं. प्रत्येकास एक क्रमांक मिळे. पुढें छायाचित्रेंहि घेऊं लागले. तीं दप्तरें मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेविलेलीं आहेत. शेतांतील काळ्या धोंड्यांच्या राशी कोणीं रचल्या तें येथें कळलें. जमीन नांगरण्याजोगी करण्यासाठीं याच लोकांनीं आणि त्यांच्यापूर्वींच्या गुलामांनीं तो एक एक धोंडा हातांनीं उचलला होता.

करार बहुधा पांच वर्षांचा असे. कांहीं परत गेले, पुष्कळ राहिले. 'लवकर येतों' असें घरीं सांगून निघालेलीं तीं माणसें होतीं.

दुसऱ्या दिवशीं आमच्या टॅक्सीवाल्यानें आम्ही मराठी आहों हें ऐकून बेटाच्या पश्चिम भागांतील एका गांवीं, आपल्या ओळखीच्या वृद्ध गृहस्थांकडे नेलें. मॉरिशसमधील मराठी समाज संख्येनें लहान. पण त्याचा गणेशोत्सव राष्ट्राचा सुट्टीचा दिवस आहे, शाळांतून मराठी शिकविली जाते, कोंकणांतील जाखडीचें 'झाकरी' हें रूप तेथें अजून नाचलें जातें, आणि मोका येथील महाराष्ट्र भवनांत २०२३ सालीं शिवाजी महाराजांचा पुतळाहि उभा राहिला. घरीं मात्र बोलतात क्रिओल. त्या गृहस्थांनीं लहानपणीं 'बैठके'च्या रात्रशाळेंत देवनागरी गिरविली होती. त्यांची नात शाळेंत मराठी शिकलेली. तिनें पाठ्यपुस्तकांतल्या स्वच्छ मराठींत, एक एक शब्द जपून ठेवीत, विचारलें, "आपण कोठून आलात?" सौ. च्या डोळ्यांत टचकन् पाणी आलें.

वृद्ध गृहस्थांनीं पणजोबांच्या नोंदीची प्रत दाखविली. पणजोबांचें पाळण्यांतलें नांव आज साऱ्या कुटुंबाचें आडनांव झालें आहे, कारण कारकुनानें तेवढेंच लिहून घेतलें. जिल्हा रत्नागिरी. गांवाचें नांव असें कांहीं लिहिलें होतें कीं तें वाचून कोणतें गांव हें आम्हांसहि सांगतां येईना. आम्हीं नकाशा आठवून तीनचार नांवें सुचविलीं. ते प्रत्येक नांव हळू उच्चारून पाहत. मग त्यांनीं नातीमार्फत विचारलें, तुमच्या घरीं किती माणसें? अकरा, असें सांगतां त्यांनीं आपल्या पत्नीकडे पाहिलें. त्यांचीं दोन्ही मुलें परदेशीं आहेत. "अकरा," असें त्यांनीं पुन्हा म्हटलें. निघतांना बाईंनीं सौ. ला कुंकू लावलें.

त्याच रात्रीं साडेआठास, म्हणजे घरीं दहा वाजतां, बंधूंचा फोन आला. आई सकाळीं न्हाणीघरांत घसरली, डावें मनगट मोडलें, प्लॅस्टर घातलें आहे, काळजी नाहीं. सकाळची गोष्ट रात्रीं सांगितली याबद्दल आम्हीं आवाज चढविला. सौ. फोन संपण्यापूर्वींच कपड्यांच्या घड्या घालूं लागली होती. परत जावें असेंच आमचेंहि मत पडलें. आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर त्यांत आईच्या मनगटापेक्षां 'लोक काय म्हणतील' याचा भाग कमी नव्हता. म्हातारीला टाकून समुद्रावर गेलीं, हें वाक्य आम्हांस आमच्याच गल्लीच्या आवाजांत ऐकूं येऊं लागलें.

सौ. नें धाकट्या जाऊबाईंना फोन लावला. पहिलें विमान धरून निघतों असें ती सांगूं लागली, तोंच पलीकडून उत्तर आलें. शब्द जवळ जवळ असे होते: "ताई, तुम्ही आलांत म्हणून आईंचा हात लवकर जुळणार आहे का? चौदा वर्षें या घरांत आहें मी. एकदां तरी मला हें घर सांभाळूं द्या."

यांत प्रेम होतें कीं तक्रार, हें आम्हांस त्या रात्रीं कळलें नाहीं. सौ. फोन हातांत धरून बसून राहिली. चौदा वर्षांत आपण हिला एकाहि सणाचा स्वयंपाक एकटीला करूं दिला नाहीं, असें ती बऱ्याच वेळानें म्हणाली. हिला त्रास नको म्हणूनच करीत होतें मी, असेंहि म्हणाली. मग आई फोनवर आली. "मोडलें तें डावें," ती म्हणाली, "जपाचा हात धड आहे. काय जेवलांत?" सौ. नें ढॉल पुरीचें वर्णन केलें. आईनें सारणांत काय काय असतें तें सर्व विचारून घेतलें.

बॅग पुन्हा उघडली ती सौ. नेंच. आम्ही तोंवर विमानांच्या वेळाच पाहत होतों.

वाढदिवस दुसऱ्या दिवशीं होता. संध्याकाळीं आम्ही काप माल्हेरो येथें गेलों. हें बेटाचें उत्तर टोंक. लाल छपराचें एक लहानसें चर्च, पुढें समुद्र, आणि समुद्रांत एक उंचवट्याचें निर्जन बेट. अंधार पडल्यावर आकाश दाट भरून आलें. साताऱ्याहून दक्षिणेस ठेंगणा दिसणारा त्रिशंकु येथें निम्म्या आकाशापर्यंत चढला होता, आणि अगस्त्य नैर्ऋत्येस झळकत होता. आम्ही उत्तरेकडे तोंड करून ध्रुव शोधूं लागलों, आणि मग आमचें आम्हांसच हंसूं आलें. साताऱ्यास ध्रुव क्षितिजावर जेमतेम अठरा अंश असतो. येथें तो जवळ जवळ तितकाच क्षितिजाखालीं. तो दिसणें शक्यच नाहीं.

१९९९ च्या मे महिन्यांत, कार्यालयाच्या गच्चीवर, गुरुजींनीं आम्हां दोघांस ध्रुव व अरुंधती यांचें दर्शन करविलें होतें. खरी गोष्ट अशी कीं त्या दिवशीं ढग होते. गुरुजींनीं बोट केलें, आम्हीं दोघांनीं मान डोलावली, आणि मागून कोणीतरी "चला, पंगत खोळंबली आहे" असें ओरडलें. कांहीं दिसलें नव्हतें, हें आम्हीं एकमेकांस पंचवीस वर्षांत कधीं सांगितलें नव्हतें. "तुम्हांलाहि नव्हता दिसला?" सौ. नें विचारलें. आम्ही नाहीं म्हणालों. ती इतकी हंसली कीं शेजारीं मासे धरीत बसलेल्या मुलानें वळून पाहिलें.

सप्तर्षि मात्र दिसत होते, समुद्राला टेंकल्यासारखे खालीं. ऋतु आणि पुलह यांना नव्हे, क्रतु आणि पुलह यांना जोडणारी रेषा ध्रुवाकडे जाते असें आम्हीं शिकवितों, (आमचे विद्यार्थी दरसाल क्रतूचा ऋतु करतात, म्हणून जीभ वळते.) ती रेषा येथें सरळ पाण्यांत उतरत होती. वसिष्ठ क्षितिजाच्या पंधरा अंश वर होता. आमचा चष्मा हॉटेलांत राहिलेला. आम्हांस तो एकच तारा दिसे. सौ. नें आमच्या हनुवटीस बोट लावून मान किंचित् वळविली. "ती बघा अरुंधती," ती म्हणाली, "त्याच्या अगदीं शेजारीं. बारीक आहे, पण आहे." आम्हांस नीट दिसली नाहीं. या वेळीं मात्र आम्हीं तसें सांगितलें.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी बोललों. त्या येथें लिहिण्याच्या नव्हेत. त्यांत पाण्याच्या मोटारीचा नळ नव्हता एवढें सांगतों.

घरीं पोंचलों तेव्हां आई दारांत उभी होती, हात गळ्यांत अडकविलेला. जाऊबाईंनीं भाकरतुकडा ओंवाळून टाकला. सौ. हातपाय धुऊन नेहमींच्या संवयीनें स्वयंपाकघरांत गेली, आणि आम्ही पाणी मागावयास तिच्यामागून गेलों. फळीवरचे डबे हलले होते. साखर डावीकडे आली होती, चहा खालच्या फळीवर, आणि पंचवीस वर्षें जेथें हरभऱ्याची डाळ होती तेथें रवा. सौ. क्षणभर पाहत राहिली. मग तिनें खालच्या फळीवरून चहाचा डबा काढला, आणि चहा झाल्यावर तो पुन्हा खालींच ठेवला.